शंभरात किती फुटले

कुरुळीच्या धर्माजी लोहाराला सरकारने लेथ दिला, ही बातमी गावात आधी कोणाला खरीच वाटेना. सरकार म्हणजे तलाठी, सरकार म्हणजे सारा, सरकार म्हणजे फौजदार. ते येतं ते न्यायला येतं, एवढं गावाला पिढ्यान्‌पिढ्या पाठ. ते काही द्यायला आलेलं कोणी पाहिलं होतं? आणि द्यायचंच तर पाटलाला द्यावं, सोसायटीच्या चेअरमनला द्यावं. ज्याच्या बंडीला तीन ठिगळं त्या लोहाराला कशाला? पण दिवाळी सरली आणि चिंचवड स्टेशनावरून दोन बैलगाड्या निघाल्या, भोसरी-मोशी करत इंद्रायणीच्या पुलावरून इकडे आल्या, आणि पेंढ्यावर निजवलेलं ते काळं धूड बघायला अख्खी कुरुळी लोटली. साल होतं छप्पन.

धर्माजीची बायको सगुणाबाई ताट घेऊन दारात उभी होती. बाई अंगापिंडाने दणकट. अठरा वर्षं तिने नवऱ्याच्या ऐरणीवर घण घातला होता, भाता ओढला होता, आणि धर्माजीने चिमट्याची नुसती नजर फिरवली तरी पुढचा घाव कुठे घालायचा ते तिला कळायचं. तिने लेथला हळदकुंकू लावलं, अक्षता वाहिल्या, आणि नारळ उचलून लेथच्या त्या गुळगुळीत पट्टीवरच आपटणार, तोच धर्माजी ओरडला, "त्याच्यावर नगं! टवका उडंल, पाण्यानं गंजंल!" हा माणूस कधी आवाज चढवणारा नव्हता. नारळ उंबऱ्यावर फुटला. वर त्याने तेलाचं फडकं घेतलं आणि तिने लावलेलं कुंकू, अक्षता, सगळं पुसून काढलं. सवाष्णीने लावलेलं कुंकू! सगुणाबाई दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही, आणि मला विचाराल तर तिचं काही चुकलं नाही.

तिसऱ्या दिवशी मात्र तिचा अबोला आपोआप सुटला. धर्माजीने लेथमध्ये लोखंडाची कांब धरली, पायाने खालची फळी दाबायला सुरुवात केली, कांब गरगरा फिरू लागली, आणि त्याने हत्यार हळूच पुढे सरकवलं. लोखंडातून शेवया निघू लागल्या. विस्तव नाही, घण नाही, घाम नाही. थंड लोखंड आपल्या आपण सुटून लांबच लांब वेटोळं होऊन खाली पडत होतं. सगुणाबाईने कांबीवरून बोट फिरवलं. एवढी वर्षं ती लोखंड बडवत आली होती, पण लोखंड आतून असं चकचकीत असतं हे तिला ठाऊक नव्हतं. तिच्या तोंडून एवढंच निघालं, "आगं बया!"

लेथ आला कसा, त्याचीही एक गोष्ट आहे. मुंबई सरकारच्या उद्योग खात्याने लहान कारागिरांसाठी एक निधी काढला होता. ज्याच्या डोक्यात काही नवीन करायचं आहे त्याने ते सांगावं, पसंत पडलं तर यंत्र आणि लोखंड सरकार पुरवील, असा तो मामला. खात्याचे अर्जुनराव साहेब चाकणच्या बाजारात झाडाखाली टेबल टाकून बसले होते. लोक दुरून बघून जात होते. जवळ जावं आणि साहेबाने नाव लिहून घ्यावं, ही जोखीम कोण घेतो? धर्माजी खुरपी विकायला गेला होता. खुरपी विकून झाली, तसा तो गेला आणि म्हणाला, "सायेब, माज्या डोस्क्यात शेंगा फोडायचं यंत्र हाय."

ते त्याच्या डोक्यात शिरलं होतं ते सगुणाबाईच्या अंगठ्यांमुळे. चाकणच्या पट्ट्यात भुईमूग भरघोस. वैशाखात पेरणीचं बियाणं काढायला घरोघर बाया शेंगा फोडायला बसतात. खायचा दाणा फुटला तर आमटीत जातो, त्याचं कोणाला दुःख नाही. पण बियाण्याचा दाणा फुटला, नुसती वरची लाल साल निघाली, तरी तो मातीत कुजतो, उगवत नाही. म्हणून एकेक शेंग हातानेच फोडायची. महिनाभर. घण पेलणारी सगुणाबाई, पण वैशाख संपता संपता तिच्या अंगठ्यांना भाकरी थापवायची नाही. नखं काळीनिळी व्हायची. धर्माजी हे दरसाल बघत होता आणि काही बोलत नव्हता. बोलला तो एकदम साहेबांपाशी.

अर्जुनराव साहेबांनी लिहून घेतलं आणि चार महिन्यांनी लेथ पाठवला. त्याच्याबरोबर चार पानी कागद आला. तो वाचायचं काम कोंडीरामकडे गेलं, कारण कोंडीराम सातवी झालेला आणि गावातला मोठा शेतकरी. कोंडीरामने पहिलं पान वाचलं, दुसरं अर्धं वाचलं, तिथे "खातेनिहाय तपासणी" वगैरे शब्द आले तसा तो थांबला आणि उरलेलं आपल्या पदरचं सांगून मोकळा झाला. "वैशाखात सायेब येणार. यंत्र चाललं तर लेथ तुझा. न्हाई चाललं तर लेथ उचलून नेणार, आन्‌ वर तुझी ऐरण बी जप्त." गावाने मान डोलावली. हे कसं, सरकारला शोभण्यासारखं वाटलं.

झालं! लेथ जाईल याची धर्माजीला भीती होती, पण सगुणाबाईला त्याहून मोठी भीती होती. लेथ आल्यापासून हा माणूस बदलला होता. पहाटे उठून गुणगुणायचा. जेवताना भाकरीवर बोटाने रेघा मारून तिला दाखवायचा, "हितं रूळ, हितं खाली जाळी, मदी येवडी फट." बोथट फाळांना टोकं काढून आयुष्य गेलेला माणूस, कधी कोणी त्याला तुझ्या मनात काय आहे म्हणून विचारलं नव्हतं. आता लेथ गेला तर ही गुणगुण त्याच्याबरोबर जाणार, आणि मागे राहणारा धर्माजी कसा असेल, याचा विचारही तिला करवेना.

यंत्र तयार झालं. वर शेंगा ओतायचं तोंड, आत लोखंडी रूळ, रुळावर उभ्या धारा, खाली कमानीसारखी जाळी. दांडा फिरवला की शेंगा रूळ आणि जाळीच्या मध्ये भरडल्या जायच्या आणि दाणे-टरफलं खालच्या पाटीत पडायची. दिसायला देखणं. पण मोठ्या शेंगेचा दाणा ठेचला जायचा आणि बारकी शेंग तशीच सुटायची. सगुणाबाईने मोजून पाहिलं. शंभरात चाळीस दाणे फुटलेले. धर्माजीने फट वाढवली, कमी केली, धारा घासल्या. चाळीसचे बेचाळीस झाले, मग सदतीस. साहेब उद्या येणार, तरी हा जाळी काढून घासतोच आहे. "ह्या खेपेला जमंल," तो म्हणाला. पण करून बघायला वेळ उरला नव्हता, आणि तिला वाटलं, त्याला करून बघायचंही नव्हतं.

त्याच दुपारी सगुणाबाई शेजारच्या गवराबाईच्या पडवीत गेली. गवराबाई म्हणजे गावचं जुनं खोड. अशी एकही लग्नघटिका नाही जिथे तिने काही ना काही गुपचूप निभावून नेलं नाही. तिथेच तिची सून सरुबाई होती. सगुणाबाईने सगळं सांगितलं.

गवराबाई म्हणाली, "यवडंच व्हय? सायेब काय पाटीत तोंड घालून बसनार हाय? रुळाखालनं पडल्यालं पाखडायचं काम बायांचं. सुपाकडं कंदी कुना बाप्यानं बघितलंय?"

"म्हंजी?"

"म्हंजी पायलीभर शेंगा आपुन आजच हातानं फोडायच्या. उद्या यंत्रातलं आलं की गोणपाटाखाली ढकलायचं आन्‌ आपलं पुढं ठिवायचं."

"आत्याबाई, ही लबाडी झाली," सरुबाई म्हणाली.

"सरकारशी केल्याली लबाडी ही लबाडी न्हवं, ते देवाला चालतं," गवराबाईने निकाल दिला.

हा निकाल बरोबर होता असं मी म्हणणार नाही. पण तिघींचे हात जे चालले ते बघायला देवाने खरंच खाली यावं! आदल्या रात्री शिंपडून गोणपाटाखाली दडपलेल्या शेंगा गवराबाईकडे घरच्या बियाण्यासाठी तयार होत्याच. उन्हं कलायच्या आत पायलीभर शेंगा फुटल्या. एक दाणा दुखावला नाही. निघताना गवराबाईने त्यात मूठभर फुटके दाणे स्वतःच्या हाताने मिसळले. "समदे चांगले असले तर सायबाला संशय याचा," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी अर्जुनराव साहेब चिंचवडहून सायकलवर आले. मध्यम वयाचा, काडीसारखा माणूस, विजारीला सायकलचे चिमटे, बोलणं मोजकं. चहा विचारला तर "आधी काम" म्हणाले. लोहारसाळेपुढे गाव जमलं. कोंडीराम पुढे, कारण कागद त्याने वाचला होता. धर्माजीने शेंगा ओतल्या आणि दांडा फिरवला. यंत्राचा खडखडाट उठला, पाटी भरली. गवराबाईने पाटी उचलली, "वाऱ्याच्या खाली पाखडतो सायेब, तुमच्या अंगावर फोल यील," म्हणत कडुलिंबाच्या पलीकडे नेली. तिघी पाठमोऱ्या बसल्या. सुपं झडली. आणि जरा वेळाने एक पाटी लालचुटुक दाणे साहेबांसमोर आले.

साहेबांनी पांढरा रुमाल पसरला, मूठ टाकली, आणि एकेक दाणा बोटाने सरकवत शंभर मोजले. 

"तीन फुटले," साहेब म्हणाले. "शंभरात तीन."

गावाने एकच हुर्रा केला. सगुणाबाई मात्र नवऱ्याकडे बघत होती. तिला वाटलं होतं, तो सुटल्यासारखा हसेल आणि प्रकरण मिटेल. धर्माजी हसला नाही. तो गुडघ्यावर बसला, दोन्ही हात दाण्यांत घातले आणि भरली ओंजळ तोंडासमोर धरली. देवळात गाभाऱ्याचं दार उघडल्यावर माणूस बघतो तसा तो त्या दाण्यांकडे बघत होता. मग त्याने मान वळवून तिला शोधलं आणि सगळ्या गावादेखत, कधी नव्हे ते, तिला हाक मारली.

"सगुणा, बघितलंस का? म्या केलं हे. म्या!"

अठरा वर्षांत तिने त्याचं असं तोंड पाहिलं नव्हतं.  तिने मान हलवली आणि खाली घातली. असू दे, ती मनात म्हणाली. त्याला कळायचं काय कारण? लेथ राहील, गुणगुण राहील.

तेवढ्यात साहेबांनी दप्तरातून दुसरा कागद काढला. "धर्माजी, आता पुढचं ऐका. अशी दहा यंत्रं तुम्ही करायची. लोखंड आम्ही देऊ. ह्या पेरणीच्या आत निदान चार तरी. ती म्हाळुंगे, निघोजे, चिंबळी, मरकळ या गावांना जातील. तिथल्या लोकांचं बियाणं ह्यावर निघेल."

निघोजे सगुणाबाईचं माहेर. तिच्या डोळ्यापुढे भावजय उभी राहिली. सालभर जपलेल्या बियाण्याच्या शेंगा यंत्रात ओततेय. सरकारचं यंत्र म्हणून विश्वासाने ओततेय. तिथे कडुलिंबापलीकडे गवराबाई नाही बसलेली. शंभरातले चाळीस फुटके दाणे, त्यातले काही नुसती साल निघालेले, डोळ्याला चांगलेच दिसणारे, पाभरीतून मातीत जातील. पाऊस पडेल, आणि निम्मं रान उघडं राहील. आणि लोक म्हणतील, कुरुळीच्या लोहाराने केलेलं यंत्र.

"सायेब," ती म्हणाली. आवाज तिचाच होता, पण तिलाच परका वाटला. "ते दानं यंत्राचं न्हाईत."

कोणाला काही समजलं नाही. धर्माजीची ओंजळ तशीच हवेत.

"आमी हातानं फोडल्यात. काल. ह्यास्नी ठावं न्हाई. माज्या गळ्याची आन, ह्यास्नी कायबी ठावं न्हाई. म्या केलं समदं." ती कडुलिंबाकडे गेली, गोणपाट ओढलं आणि दडवलेली पाटी आणून साहेबांपुढे ठेवली. गवराबाईने कपाळावर हात मारला.

धर्माजी उठला. दाणे त्याच्या ओंजळीतून कधी गळाले त्याला कळलंच नसावं. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही, गावाकडे पाहिलं नाही. आत जाऊन लेथच्या पलीकडे भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्या पाठीकडे बघवत नव्हतं.

कोंडीराम माणूस तसा चांगला. तो हात जोडून पुढे आला. "सायेब, बाईमानूस हाय, चुकली. लेथ न्या, पर ऐरण तेवडी नगा नेऊ. गावाचं काम आडंल."

"ऐरण?" साहेब चकित झाले. "ऐरण कोण नेतंय? आणि लेथ तरी कोण नेतंय?"

"कागुदात हाय की."

"कुठे आहे? दाखवा."

कोंडीरामने कागद आणला, पण दाखवायला काही निघेना. तेव्हा साहेबांनी तो घेतला, तिसरं पान उलटलं आणि सावकाश, सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं. "'नवीन कल्पना पहिल्या प्रयत्नात यशस्वी होईलच असे नाही. प्रयोग फसल्यास काय जमले नाही व का जमले नाही ते कारागिराने प्रामाणिकपणे नमूद करावे. त्यावरून पुढील प्रयोगास मुदत व साहित्य देण्यात यावे.'"

 सगुणाबाईने ते वाक्य पुन्हा मनात म्हणून पाहिलं. फसल्यास. म्हणजे हा कागद छापला तेव्हाच कोणीतरी मुंबईत टेबलाशी बसून विचार केला होता, की कुठल्याशा गावात कोणी लोहार असेल, तो जीव ओतून काहीतरी करील, आणि ते पहिल्या खेपेला मोडेल. तो माणूस धर्माजीला ओळखत नव्हता. कुरुळी कुठे आहे हेही त्याला ठाऊक नसेल. तरी त्याने त्या मोडण्यासाठी कागदावर जागा ठेवली होती, लोखंड राखून ठेवलं होतं. इथे फाळ बिघडला तर लोहाराने पदरचं लोखंड घालून भरून द्यायचा, ही आजवरची रीत. चुकायला लोखंड देणारं कोणी जगात असतं, आणि ते कोणी म्हणजे सरकार असतं, या विचाराने तिच्या अंगावर सरसरून काटा आला. 

"मात्र बाई," साहेबांचा आवाज कडक झाला, "तीनचा आकडा लिहून मी गेलो असतो, तर चार गावांचं बियाणं बुडालं असतं आणि ह्या निधीवर पुन्हा कोणी विश्वास ठेवला नसता. दहा यंत्रांचा हुकूम मी रद्द करतोय. तो आता सहजी मिळायचा नाही. समजलं?"

"समजलं सायेब."

साहेबांनी दडवलेल्या पाटीतले शंभर मोजले. अडतीस फुटलेले. त्यांनी ३८ लिहिलं. मग लेखणी तशीच धरून विचारलं, "आणि तुमच्या हातचे? तुम्ही फोडता तेव्हा किती फुटतात?"

"एकबी न्हाई," गवराबाई तिकडून म्हणाली. मघाचे तीन आपण मिसळलेले होते, हेही तिने जाता जाता सांगून टाकलं. आता लपवायला उरलंच काय होतं?

"कसं फोडता ते दाखवा."

सगुणाबाईने ओच्यातून शेंग काढली. आयुष्यात पहिल्यांदा कोणी तिला हे दाखव म्हणत होतं, त्यामुळे ती अडखळली. "आधी रातच्याला पानी शिपडायचं, भिजवायचं न्हाई. निस्तं शिपडायचं आन्‌ दडपून ठिवायचं. मंग टरफल चिवाट हुतं, आतला दाना बी जरा मऊ ऱ्हातो, लगीच फुटत न्हाई. आन्‌ सायेब, शेंग ठेचायची न्हाई. दाबायची. आंगठा मऊ असतो न्हवं, तो दबतो. शेंग आपल्या शिवनीवर आपनच उघडती." टक् झालं आणि शेंगेच्या दोन वाट्या तिच्या तळव्यावर उघड्या पडल्या. दोन्ही दाणे जागच्या जागी.

साहेबांनी तेही लिहून घेतलं. शिंपडणे, दडपणे, दाबणे, सगळं. पुढचा माघ ही मुदत लिहिली, सायकलला टांग मारली आणि चहा न घेताच गेले.

धर्माजी चार दिवस तिच्याशी बोलला नाही. ताट वाढलं की जेवायचा, भाता ओढ म्हणायची वेळ आली तर नुसता उभा राहायचा. शिव्या दिल्या असत्या तर तिला सोसल्या असत्या. पाचव्या दिवशी ती भाकरी थापत होती. तो चुलीपाशी येऊन बसला आणि विस्तवाकडे बघत म्हणाला, "ते आंगठा दबतो म्हनालीस, ते काय?"

तिने पिठाचा हात तसाच पुढे केला. त्याने तिचा अंगठा धरला, दाबून पाहिला, उलटसुलट करून पाहिला. लोखंडाचं माप घ्यावं तसा बराच वेळ बघत राहिला. भाकरी करपली.

मग जे सुरू झालं ते बघायला गाव येईनासं झालं, कारण बघण्यासारखं रोज एकच होतं. रूळ घडवायचा, चालवायचा, मोडीत टाकायचा. धारा काढून गुळगुळीत रूळ केला, शेंगा घसरायला लागल्या. त्यावर चामडं चढवलं, चामडं फाटलं. तो देहूरोडला गेला, लष्करी डेपोच्या लिलावातल्या मोटारीच्या जुन्या टायरांचे तुकडे घेऊन आला आणि रुळाला रबराची पट्टी बसवली. खात्याकडून लोखंड येत होतं. पहिली दोन गठुडी आली तेव्हा धर्माजीने ती भीत भीतच वापरली. चौथा रूळ फसला, त्याने कोंडीरामच्या पोराकडून कार्ड लिहवून घेतलं, "चौथा रूळ जमला न्हाई, रबर जाड झालं," आणि पंधरा दिवसांत पाचव्या रुळाचं लोखंड आलं. वर खात्याचं कार्ड, "कळविले ते योग्य केले." ते कार्ड त्याने कितीदा वाचून घेतलं असेल! असलं कार्ड मला आलं असतं तर मीही देव्हाऱ्यात ठेवलं असतं. त्याने लेथच्या वर खिळ्याला टोचलं.

आणि दर खेपेला मोजायची ती सगुणाबाई. गवराबाईला सुपाजवळ फिरकायला बंदी होती, आणि ती बंदी तिनेच मोठ्या तोऱ्यात मान्य केली होती. धर्माजी दांडा फिरवायचा, सगुणाबाई पाखडायची, रुमालाऐवजी पदर पसरायची आणि मोजायची. "एकतीस." तो मान हलवायचा, रूळ उतरवायचा. "चोवीस." पुन्हा लेथ. "अकरा." तेव्हा तिला वाटलं, हा नाचेल. त्याने विचारलं, "ते अकरा कंचं? मोठं का बारकं?" तिने पाहिलं, मोठे होते. त्याने रूळ लेथवर घेतला आणि यंत्रात जरा एका बाजूला बसेल असा कातला, म्हणजे वरून शेंग शिरताना फट ढिली आणि खाली जाता जाता हळूहळू घट्ट. अंगठा पण असाच दाबतो, आधी हळू, मग जोर. हे त्याने तिला सांगितलं नाही. तिला ते दिसलं.

माघातली सकाळ होती. आदल्या रात्री शिंपडलेल्या शेंगा त्याने ओतल्या आणि दांडा हाती घेतला. या खेपेला आवाजच वेगळा आला. खडखड नाही, ठेचण नाही. बारीक टकटक, टकटक, चार-पाच बाया पडवीत एकीकडे शेंगा फोडायला बसल्यासारखी. सगुणाबाईचे हात सुपावर थांबले. तिने त्याच्याकडे पाहिलं. तो दांडा फिरवत होता आणि त्याचे डोळे मिटलेले होते.

पाटी भरली. तिने पाखडली. टरफलं उडाली आणि सुपात दाणे राहिले, लाल, टपोरे, सालीसकट. तिने पदर पसरला, शंभर मोजले. मग हे शंभर बाजूला सारून दुसरे शंभर मोजले, कारण पहिल्यांवर तिचा विश्वास बसेना. ज्या हातांनी हजारो शेंगा फोडल्या होत्या त्या हातांना ते दाणे ओळखू येत होते, आणि तरी ते कोणाच्याच हातचे नव्हते. लोखंडाने हे केलं होतं. त्याच्या डोक्यातून निघून, लेथवरून उतरून, मोडीत गेलेल्या सहा रुळांवरून चालत ते इथे पोचलं होतं. तिच्या डोळ्यांना धारा लागल्या आणि मोजलेले दाणे दिसेनासे झाले.

"किती?" त्याने विचारलं.

"दोन," ती म्हणाली. "दुसऱ्या शंभरात तीन."

धर्माजी खाली बसला.  तिने डोळे पुसले आणि पदर त्याच्याकडे सरकवला. "तुमी बी मोजून बघा की येकडाव."

"कशाला?" तो म्हणाला. "तू मोजलंस न्हवं."

आणि तो साहेबांना कार्ड लिहवून घ्यायला कोंडीरामकडे गेला.